नोकरीपूर्व पार्श्वभूमी पडताळणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीचे पत्र हाती पडले की उमेदवाराला सुटल्यासारखे वाटते आणि नेमक्या त्याच वेळी ‘बीजीव्ही’चा, म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन किंवा पार्श्वभूमी पडताळणीचा, ईमेल येतो. महाराष्ट्रात खासगी किंवा सरकारी नोकरी शोधणाऱ्यांकडून या तपासणीबद्दल जे प्रश्न नेहमी येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पडताळणीत अडकणारे सगळेच उमेदवार खोटारडे नसतात. बहुतेकांच्या बाबतीत दोन कागदांवरचे तपशील एकमेकांशी जुळत नाहीत, इतकेच झालेले असते. खरा घोटाळा होतो तो ही तफावत आधी न सांगितल्यामुळे.

या पडताळणीत नेमके काय पाहतात?

अर्जात आणि मुलाखतीत जे सांगितले, ते मूळ ठिकाणी विचारल्यावर खरे ठरते का, हे पाहतात. ओळख, सध्याचा व कायमचा पत्ता, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, न्यायालयातील नोंदी आणि एखाद-दुसरा संदर्भ एवढी चौकट जवळजवळ सगळीकडे सारखी असते. बँकेची नोकरी असेल तर पतअहवालाची भर पडते, तर रुग्णालयातील नोकरीत वैद्यकीय किंवा परिचर्या परिषदेच्या नोंदणीची. किती नोकऱ्या मागे जायचे हे मालकावर अवलंबून असते. कोणी शेवटच्या दोन तपासतो, कोणी गेल्या सात वर्षांतील सगळ्या.

तपासणी कोण करते आणि अहवालात काय लिहिलेले असते?

मोठ्या कंपन्या हे काम स्वतः करत नाहीत. ऑथब्रिज, फर्स्ट अ‍ॅडव्हांटेज, हायरराइट यांसारख्या पडताळणी संस्थांकडे ते सोपवले जाते. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रापुरती नॅसकॉम या कंपन्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने कर्मचाऱ्यांची नोंदवही म्हणून २००६ मध्ये ‘नॅशनल स्किल्स रजिस्ट्री’ सुरू झाली असून काही कंपन्या आजही रुजू होताना तिचा क्रमांक मागतात.

अहवाल रंगांत येतो. सगळे जुळले तर हिरवा, मोठी विसंगती आढळली तर लाल, आणि मधल्या गोष्टींसाठी पिवळा किंवा ‘अंबर’. याशिवाय दोन शेरे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ‘इन्सफिशियन्सी’ म्हणजे उमेदवाराकडून एखादा कागद यायचा राहिला आहे, आणि ‘अनेबल टू व्हेरिफाय’ म्हणजे समोरच्याने उत्तरच दिले नाही. या दोन्हींचा अर्थ उमेदवार खोटा ठरला असा होत नाही, पण इन्सफिशियन्सीच्या ईमेलला वेळेवर उत्तर न दिल्यास प्रकरण विनाकारण चिघळते.

आधीच्या कंपनीला नेमके काय विचारले जाते?

पडताळणी संस्था आधीच्या कंपनीच्या एचआर विभागाच्या अधिकृत ईमेलवर एक तक्ता पाठवते. त्यात उमेदवाराने दिलेला कर्मचारी क्रमांक, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पद आणि शेवटचा पगार एका बाजूला भरलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला ‘बरोबर’ किंवा ‘दुरुस्ती’ असे लिहून कंपनीने तो परत करायचा असतो. त्याखाली चार-पाच प्रश्न असतात : नोकरी का सोडली, नोकरी सोडतानाच्या औपचारिकता पूर्ण झाल्या का, काही येणे बाकी आहे का, शिस्तभंगाची कारवाई झाली होती का, आणि या व्यक्तीला पुन्हा नोकरीवर घ्याल का. सगळ्यात जड प्रश्न हा शेवटचाच असतो, कारण त्याला ‘नाही’ असे उत्तर आले की बाकी सगळे बरोबर असूनही अहवाल पिवळा होतो.

अनेक मोठ्या कंपन्या धोरण म्हणून तारखा आणि पद यांपलीकडे काहीही सांगत नाहीत. छोट्या कंपन्यांत मात्र फोनवर साहेब जे बोलतील तेच उत्तर ठरते. म्हणून पडताळणी संस्था उमेदवाराने दिलेल्या मोबाइल क्रमांकावर किंवा जीमेलवरून आलेल्या उत्तरावर सहसा विसंबत नाहीत. त्या कंपनीचा लँडलाइन शोधतात आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची नोंदणी व सद्यस्थिती पाहतात.

पदनामावरून होणारे घोळ टाळता येण्यासारखे असतात. कामाच्या ठिकाणी सगळे ‘टीम लीड’ म्हणत असले, तरी पत्रावर ‘सीनियर इंजिनिअर’ असेल तर अर्जात तेच लिहावे आणि केलेल्या कामाचे वर्णन खाली वेगळे द्यावे.

पीएफच्या नोंदींवरून सगळे कळते, हे खरे का?

बरेच काही कळते. २०१४ मध्ये यूएएन, म्हणजे पीएफचा कायमस्वरूपी सार्वत्रिक खाते क्रमांक, आल्यापासून एकाच क्रमांकाखाली माणसाच्या सगळ्या नोकऱ्या येतात. भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या पोर्टलवर ‘सेवा इतिहास’ उघडला की कोणत्या आस्थापनेत कधी रुजू झालात आणि कधी सोडले हे तारखांसह दिसते, तर पासबुकात महिन्यागणिक जमा झालेली रक्कम दिसते. अर्जातून एखादी नोकरी गाळली असेल किंवा एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्या असतील, तर ते येथे उघड होते. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचे जाहीरपणे सांगितले. तेव्हापासून पीएफमधील ‘ओव्हरलॅप’ हा शब्द पुण्या-बंगळुरूच्या एचआर विभागांत परवलीचा झाला आहे.

मात्र प्रत्येक ओव्हरलॅप म्हणजे दुहेरी नोकरी नव्हे. समजा, तुम्ही १४ जूनला कंपनी सोडली आणि १७ जूनला नव्या ठिकाणी रुजू झालात. जुन्या कंपनीच्या लेखा विभागाने सोयीसाठी सोडल्याची तारीख ३० जून टाकली, तर कागदावर तुम्ही जवळजवळ दोन आठवडे दोन्हीकडे नोकरीला होता. अशा वेळी रिलिव्हिंग लेटरवरची (नोकरीतून मुक्त केल्याच्या पत्रावरची) तारीख आणि शेवटची पगारपावती पुरेशी ठरते. कंपनीने सोडल्याची तारीखच टाकली नसेल, तर नोकरी सोडून दोन महिने उलटल्यावर ती पोर्टलवर स्वतः नोंदवता येते. फक्त ती शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्या महिन्यातलीच असावी लागते. चुकीची पडलेली तारीख बदलायची असेल तर बऱ्याचदा मालकासह संयुक्त घोषणापत्राचा मार्ग घ्यावा लागतो. तो वेळखाऊ असल्याने नोकरी बदलायचे ठरण्यापूर्वीच सेवा इतिहास एकदा उघडून पाहिलेला बरा.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. पीएफमध्ये नोंद नाही म्हणून नोकरीच नव्हती असा निष्कर्ष काढता येत नाही. २० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पीएफचा कायदा आपोआप लागू होत नाही. पूर्वी कधीही सदस्य नसलेल्या आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ठरलेल्या १५,००० रुपयांच्या मर्यादेपेक्षा अधिक वेतनावर रुजू झालेल्या व्यक्तीला योजनेबाहेर ठेवता येते. शिकाऊ उमेदवार कायद्याखालील अप्रेंटिसचाही पीएफ कापला जात नाही.

काही पडताळणी संस्था पोर्टलचा पासवर्ड किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी मागतात. हे आम्हाला पटत नाही, कारण त्याच ओटीपीने खात्यातील इतर व्यवहारही उघडू शकतात. पासबुक आणि सेवा इतिहास स्वतः उतरवून पीडीएफ पाठवावी.

मी मोठ्या कारखान्यात काम केले, पण पगार कंत्राटदार देत होता. अर्जात कोणाचे नाव लिहू?

चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यातून हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि सर्वाधिक प्रामाणिक माणसे येथेच अडकतात. गेटपासवर, टी-शर्टवर आणि कँटीनच्या कूपनवर मोठ्या कंपनीचे नाव असते. काम तिथल्या लाइनवर, हुकूमही तिथल्याच सुपरवायझरचे. मग माणूस सहजच अर्जात त्या कंपनीचे नाव लिहितो. पडताळणी संस्था त्या कंपनीला विचारते, तेव्हा ‘या नावाचा कर्मचारी आमच्याकडे नोंदलेला नाही’ असे उत्तर येते आणि तीन वर्षांची खरी मेहनत लाल शेऱ्याखाली जाते.

नियुक्तिपत्र, पगारपावती आणि पीएफ ज्याच्या नावाने असेल तो मालक. म्हणून कंत्राटदार संस्थेचे नाव मालक म्हणून लिहावे आणि त्यापुढे ‘कामाचे ठिकाण’ म्हणून कारखान्याचे नाव द्यावे. याने अर्जाचे वजन कमी होईल अशी भीती अनेकांना वाटते. ती अनाठायी आहे, कारण भरती करणाऱ्यांना ही पद्धत पूर्ण ठाऊक असते. आयटीतल्या ‘थर्ड पार्टी पेरोल’लाही (काम एका कंपनीत, पगार दुसऱ्या संस्थेकडून) हाच नियम लागू होतो.

कंत्राटदार मध्येच बदलला असेल तर दोन्ही कालखंड वेगळे लिहावेत. काम, जागा आणि यंत्र तेच असले तरी कागदावर त्या दोन नोकऱ्या असतात.

छोट्या वर्कशॉपमध्ये रोख पगारावर काम केले. पुरावा काय देऊ?

मालकाकडून लेटरहेडवर प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यावर त्याचा जीएसटी किंवा उद्यम नोंदणी क्रमांक असावा असे पाहावे. आस्थापनेत दहा किंवा अधिक माणसे असतील आणि पगार २१,००० रुपयांच्या आत असेल, तर कर्मचारी राज्य विमा योजनेचा (ईएसआय) क्रमांक निघालेला असण्याची शक्यता असते. हा क्रमांक उत्तम पुरावा आहे. यांपैकी काहीच नसेल तर ती नोकरी ‘कागदपत्रे उपलब्ध नाहीत’ असा उल्लेख करून लिहावी. बनावट पगारपावती तयार करण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

जुनी कंपनी बंद पडली आहे. आता उत्तर कोण देणार?

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत ती ‘स्ट्राइक ऑफ’ (नोंदणीतून वगळलेली) किंवा विसर्जित झालेली दिसत असेल, तर पडताळणी संस्था कागदांवर समाधान मानते. नियुक्तिपत्र, पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचे मालकाचे प्रमाणपत्र) आणि पीएफचे पासबुक द्यावे. यांत आयकर खात्याच्या २६एएस या विवरणाला मोठे वजन असते, कारण त्यात मालकाने कापून भरलेला कर त्याच्या नावासह दिसतो आणि तो कागद उमेदवाराला घरी बनवता येत नाही. तुमच्या तेव्हाच्या वरिष्ठांचे नाव दुय्यम संदर्भ म्हणून देता येते.

कंपनी रिलिव्हिंग लेटर देत नाही. काय करावे?

ते अडवून ठेवण्यामागे बहुधा नोटीस कालावधीचा वाद किंवा बाँड असतो. ठरावीक काळाआधी सोडल्यास भरपाई द्यावी लागेल, अशी करारातील अट मुळातच बेकायदा असते हा समज चुकीचा आहे. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दोन लाख रुपयांची अशी अट वैध ठरवली. त्यामुळे आधी करार वाचावा, देणे असेल तर ते लेखी मिटवावे आणि मगच पत्र मागावे.

देणे काहीच नसताना पत्र अडवले जात असेल, तर राजीनाम्याचा ईमेल, तो स्वीकारल्याचे उत्तर, लॅपटॉप व ओळखपत्र परत केल्याची पोच, अंतिम हिशेबाचा कागद आणि पीएफमधील सोडल्याची तारीख हे सगळे नव्या कंपनीला एकत्र द्यावे आणि वादाची हकिगत चार ओळींत लिहावी. पुष्कळ कंपन्या हे मान्य करतात. वकिलाची नोटीस हा पुढचा उपाय आहे. कोणालाही न कळवता कामावर येणे बंद केले असेल, तर कंपनी ‘अब्सकाँडिंग’ असा शेरा मारते. तो पुसणे फार अवघड असते, म्हणून कितीही संताप आला तरी राजीनामा लेखीच द्यावा.

दोन-तीन वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी केली. हा खंड कसा दाखवावा?

जसा आहे तसा. राज्यसेवेची किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी प्रवेशपत्रे, गुणपत्रके आणि शक्य असल्यास अभ्यासिकेच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण या कालावधीचा तेवढाच पुरावा असतो. आजारपण, बाळंतपण, घरातील कोणाची सेवा किंवा शेती ही कारणेही साध्या शब्दांत लिहिलेली चालतात, आणि त्यांसाठी वैद्यकीय कागद दाखवण्याची सहसा गरज पडत नाही. खंडामुळे अहवाल लाल होत नाही. तो लपवण्यासाठी आधीच्या नोकरीची तारीख सहा महिने पुढे ढकलली तर मात्र होतो.

आधीचा पगार वाढवून सांगितला तर कळते का?

कळते. पगारपावती, बँकेत जमा झालेली रक्कम आणि फॉर्म १६ या तिन्हींचा मेळ घातला जातो आणि पीएफच्या वर्गणीवरून मूळ वेतनाचाही अंदाज येतो. वार्षिक बोनस मिळायचा असताना तो मिळाला असे धरून आकडा सांगणे ही नेहमीची चूक आहे. निश्चित पगार आणि बदलता भाग वेगवेगळे सांगावेत. आधीचा पगार सांगायचाच नसेल तर तसे मुलाखतीत नम्रपणे म्हणता येते.

पदवीची खातरजमा कशी होते? मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का?

पडताळणी संस्था विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे शुल्क भरून प्रत पाठवते किंवा डिजिलॉकरमधील पदवी ग्राह्य धरते. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांचीही ऑनलाइन पडताळणी होते. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार विद्यापीठांपुरता मर्यादित आहे आणि आयोग बोगस विद्यापीठांची यादी वेळोवेळी जाहीर करतो. त्या यादीत नागपूरच्या ‘राजा अरेबिक युनिव्हर्सिटी’चे नाव वर्षानुवर्षे आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले असून त्याची पदवी लिहिताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. शेवटच्या वर्षाचा एखादा विषय राहिला असेल, तर ‘पदवीधर’ न लिहिता ‘अंतिम वर्ष, एक विषय बाकी’ असे लिहावे.

सगळ्या कागदांवर नाव एकसारखे नाही. अडचण येईल का?

मराठी उमेदवारांच्या बाबतीत हा प्रश्न हमखास येतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पॅनकार्डावर वडिलांचे नाव मध्ये. पासपोर्टवर आडनाव स्वतंत्र रकान्यात. लग्नानंतर स्त्रियांच्या बाबतीत मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेले, आणि पीएफच्या खात्यावर मात्र माहेरचेच नाव. संगणक हे सगळे वेगवेगळी माणसे समजतो. इंग्रजी स्पेलिंगची तर कथाच निराळी. ‘दीक्षित’ किंवा ‘चौधरी’ किती प्रकारे लिहिले जाते, हे कोणत्याही शाळेच्या कारकुनाला विचारावे.

केवळ क्रम बदलला असेल तर चिंतेचे कारण नाही. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर साध्या प्रतिज्ञापत्राने बहुधा भागते. नाव खरोखर बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासन राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी जोडावी. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचे नाव येऊ लागले आहे. त्यांच्या नोकरीच्या वेळी या उत्तराला आणखी एक परिच्छेद जोडावा लागेल.

पत्ता पाहायला घरी माणूस येतो का?

कधी माणूस येतो, कधी मोबाइलवर दुवा पाठवून जागेवरून छायाचित्र आणि जीपीएस स्थान मागतात. गावाकडच्या ‘मु. पो.’ पत्त्याला घरक्रमांक नसतो. तेव्हा ग्रामपंचायत किंवा शाळेसारखी जवळची खूण आणि घरातील कोणाचा तरी फोन द्यावा, आणि घरच्यांना आधी सांगून ठेवावे. अनोळखी माणूस चौकशीला आला की ‘तो इथे राहत नाही’ असे वडीलधारी मंडळी काळजीपोटी सांगून टाकतात.

पोलिसांकडून तपासणी होते का? माझ्यासारख्याच नावाच्या माणसावर खटला असेल तर?

खासगी कंपन्या बहुधा न्यायालयीन नोंदी पाहतात, म्हणजे ई-कोर्ट्ससारख्या सार्वजनिक नोंदींत नाव आणि पत्त्यावरून शोध घेतात. काही जण पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागतात. त्यासाठी महाराष्ट्रात ऑनलाइन अर्ज करता येतो.

नावावरून घेतलेल्या शोधाची मर्यादा उघड आहे. ‘सचिन पाटील’ किंवा ‘संतोष जाधव’ या नावाने शोधले तर एकेका जिल्ह्यात ढीगभर नोंदी निघतील. वडिलांचे नाव, वय आणि पत्ता जुळल्याशिवाय ती नोंद उमेदवाराच्या माथी मारणे चुकीचे आहे. असा शेरा आला तर त्या खटल्याचा क्रमांक मागावा आणि त्यातील पक्षकाराचे पूर्ण नाव व पत्ता आपला नाही हे लेखी दाखवून द्यावे.

सरकारी नोकरीत लपवलेल्या गुन्ह्याचे काय होते?

येथे नियम अधिक कडक आहेत. नियुक्तीपूर्वी उमेदवाराने भरायच्या साक्षांकन नमुन्यात (अटेस्टेशन फॉर्म) अटक, गुन्हा, खटला, शिक्षा यांबद्दल थेट प्रश्न असतात आणि ती माहिती पोलिसांमार्फत तपासली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात या विषयाची चौकट आखून दिली. तरुण वयात घोषणा दिल्याबद्दलचा किंवा तसाच किरकोळ गुन्हा लपवला गेला असेल, तर नियुक्ती करणारा अधिकारी ती चूक माफ करू शकतो. गुन्हा गंभीर असेल तर उमेदवारी रद्द करू शकतो. खरी माहिती दिली असली तरी उमेदवाराची योग्यता तपासण्याचा त्याचा अधिकार कायम राहतो, आणि पुराव्याअभावी किंवा तांत्रिक कारणाने सुटका झाली असेल तर तोही मुद्दा विचारात घेतला जातो. ज्या गोष्टीबद्दल नमुन्यात विचारलेच नव्हते, ती न सांगितल्याबद्दल दोष देता येत नाही, हेही त्याच निकालात आहे.

महाराष्ट्रात याचा संबंध आंदोलनांशी येतो. आरक्षण, दूधदर, पीकविमा अशा आंदोलनांत गावातील पन्नास जणांची नावे एकाच गुन्ह्यात आलेली असतात आणि पुढे ‘सरकारने गुन्हे मागे घेतले’ असे ऐकून मुले नमुन्यात ‘नाही’ लिहून मोकळी होतात. शासन निर्णय निघाला म्हणजे खटला संपला असे नव्हे. खटला मागे घेण्यासाठी सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. तो आदेश झाला का, हे पाहूनच उत्तर लिहावे. आदेश झाला असला तरी ‘कधी गुन्हा नोंदला होता का’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’च राहते आणि आदेशाची प्रत सोबत जोडावी लागते.

राखीव जागेवरील नियुक्तीसाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागते. २०१७ मध्ये जगदीश बहिरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जातीचा दावा अवैध ठरल्यास त्या आधारे मिळालेल्या नोकरीला संरक्षण नाकारले, मग सेवा कितीही वर्षांची झालेली असो.

सिबिल (कर्जफेडीच्या नोंदींचा पतगुणांक) खराब असेल तर नोकरी जाते का?

बँकांत जाऊ शकते. स्टेट बँकेने कर्ज थकबाकीच्या नोंदींमुळे एका उमेदवाराची नियुक्ती रद्द केली होती आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. पैशांशी थेट संबंध नसलेल्या नोकरीत पतअहवाल मागणे आम्हाला अनावश्यक वाटते, तरी काही कंपन्या तो मागतात. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो आधी स्वतः वाचावा, कारण फेडलेले कर्ज ‘चालू’ दिसणे ही त्यातली नेहमीची चूक असते.

आधार देणे बंधनकारक आहे का? वैद्यकीय चाचणीत काय विचारता येते?

सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालानंतर खासगी कंपन्यांना केवळ कराराच्या जोरावर आधार प्रमाणीकरण सक्तीचे करता येत नाही. ओळखीसाठी तुम्ही आपणहून आधार देऊ शकता, पण फक्त शेवटचे चार अंक दिसणारी मास्क्ड प्रत द्यावी. वैद्यकीय चाचणी कामाशी संबंधित असावी. नोकरीची अट म्हणून एचआयव्ही चाचणी करायला लावण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

माझ्या संमतीशिवाय चौकशी करता येते का? अहवाल मला पाहायला मिळतो का?

चौकशीपूर्वी संमतिपत्रावर सही घेण्याची पद्धत आहे आणि ते वाचूनच सही करावी. सध्याच्या नोकरीतील कंपनीशी आत्ताच संपर्क करू नये, अशी सूचना त्यात स्पष्ट लिहिता येते. ती न लिहिल्यामुळे राजीनाम्याआधीच साहेबांच्या कानावर गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य बंधने लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. आपल्या माहितीचा वापर कशासाठी होत आहे हे विचारण्याचा आणि चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात आहे. मात्र ‘नोकरीच्या प्रयोजनासाठी’ संमतीविना माहिती वापरण्याची मुभाही त्यातच असून ती अजून रुजू न झालेल्या उमेदवाराला कितपत लागू पडते, यावर वाद होत राहतील असे दिसते. अमेरिकेत १९७० च्या कायद्यामुळे अहवालाच्या आधारे नकार देण्यापूर्वी उमेदवाराला त्याची प्रत द्यावी लागते. आपल्याकडे नोकरीच्या पडताळणीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, आणि ही मोठी उणीव आहे. त्यामुळे लाल शेरा आला तर एचआरला लेखी विचारावे : कोणत्या मुद्द्यावर, कोणाच्या उत्तरावरून, आणि खुलाशासाठी किती दिवस. चांगल्या कंपन्या खुलासा मागवल्याशिवाय नियुक्ती रद्द करत नाहीत.

पैसे घेऊन ‘अनुभव’ देणाऱ्या संस्था असतात. त्यांची पत्रे पकडली जातात का?

आज ना उद्या जातात. अशा संस्था नावापुरती कंपनी नोंदवतात, पगारपावत्या छापतात आणि पीएफही भरतात. पण पडताळणी संस्था व मोठ्या कंपन्या संशयास्पद नावांच्या याद्या ठेवतात आणि रुजू झाल्यानंतर एक-दोन वर्षांनीही फेरतपासणी होते. नोकरी जाण्यापुरते हे थांबत नाही. फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज तयार करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ खाली सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि असा दस्तऐवज खरा म्हणून वापरणाऱ्याला कलम ३४० लागते. पैसे देऊन पत्र आणणारा स्वतःला गिऱ्हाईक समजतो, कायदा त्याला आरोपी समजतो.

आखातात किंवा इतर देशांत जाताना वेगळे काय लागते?

तेथे कागदाचा खरेपणा आधी भारतातच सिद्ध करून न्यावा लागतो. पदवी प्रमाणपत्रावर राज्य शासनाचे आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन होते. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात असल्याने सदस्य देशांसाठी अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा या करारानुसारचा एकच शिक्का, पुरते. सौदी अरेबिया २०२२ मध्ये त्यात आला. संयुक्त अरब अमिरातींसाठी मात्र दूतावासाचे साक्षांकन लागते. परिचारिका, डॉक्टर आणि तंत्रज्ञ यांची पदवी, परिषदेची नोंदणी आणि अनुभव डेटाफ्लो ही संस्था मूळ संस्थांकडे पाठवून तपासते, म्हणजे सांगलीतल्या किंवा रत्नागिरीतल्या छोट्या रुग्णालयालाही तिच्या ईमेलला उत्तर द्यावे लागते. रुग्णालयाच्या कार्यालयात असा ईमेल कोण पाहतो, त्याचे नाव आणि कामाची वेळ अर्ज करण्याआधीच विचारून ठेवावी, आणि अनुभवपत्रावरील तारखा त्यांच्या हजेरीपटाशी ताडून घ्याव्यात. पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयाकडून मिळते आणि अनेक दूतावास ते ठरावीक महिन्यांच्या आतलेच मागतात, म्हणून ते सगळ्यात शेवटी काढावे.